दोन टॉपची वायर

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा मी माहेरी होते. लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून आले होते, ती तिथेच राहिले. आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशीच्या अंगाला. वारा पडला तेव्हा बागेत उभ्या सुपारींपेक्षा आडव्या जास्त दिसत होत्या. सिमेंटचे विजेचे खांब कंबरेतून मोडून तारांसकट रस्त्यावर पडले होते. वाडीत लाईट आली ती चोविसाव्या दिवशी.

आईला मधुमेह आहे, तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. विहिरीला रहाट आहे, पण बाबांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो ओढवत नव्हता. तिसऱ्या दिवशी भावाने चिपळूणहून पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर पाठवला. पहिले दोन दिवस आम्ही एक्स्टेन्शन बोर्ड लावून फक्त फ्रिज आणि मोबाइल चालवले. हे तसंच चालू ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

गावात दुरुस्तीची कामं करणारा एक मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, अख्खं घर लावून देतो." त्याने चार मीटर वायर घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावले. एक टॉप जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरा स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटमध्ये. सॉकेटमधून वीज उलटी घरात शिरली आणि ओटीपासून न्हाणीपर्यंत सगळे दिवे लागले. जाताना त्याने बजावलं, "मेन तेवढा खाली ठेवा." आम्ही मेन, म्हणजे घराला खांबावरच्या तारांपासून तोडणारा मुख्य स्विच, खाली केला आणि त्यावर कापडी पट्टीही बांधली. सहा दिवसांनी घरात पंखा फिरला होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

नवव्या दिवशी दुपारी बाहेरच्या जिल्ह्यातून मदतीला आलेली महावितरणची टोळी खालच्या वळणावर खांब उभे करत होती. बाबा ते बघून घरी आले. खांब उभे राहिले म्हणजे लाईट आलीही असेल, असं त्यांना वाटलं. पण आली की नाही हे कळायला घरात काहीच सोय नव्हती. मीटरवरचा बारीक दिवा त्यांना मोतीबिंदूमुळे दिसत नाही. त्यांनी पट्टी सोडली आणि मेन वर केला. जनरेटर मागच्या पडवीत चालूच होता.

त्याचा आवाज एकदम जड झाला, मी चुलीपाशी होते तरी जाणवलं. तेवढ्यात शेजारच्या काकू अंगणातून ओरडल्या, "लाईट आली गो!" त्यांच्या माजघरातला बल्ब लागला होता. त्यांची मुलं टाळ्या वाजवत बाहेर आली. मीही धावत बाहेर गेले. तो बल्ब आमच्या जनरेटरवर लागला होता, हे त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

पाच मिनिटांत लायनमन आवाजाच्या रोखाने पाखाडी चढून आले. सांगली-कोल्हापूरकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. "ताई, जनरेटर कुणाच्या घरात चालू हाय? आधी ते बंद करा, मग बोलू." मी बंद केला. मग ते पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. तांब्या घेताना त्यांचा हात थरथरत होता.

त्यांनी डीपीवरचा, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, स्विच स्वतः पाडला होता, फ्यूजही काढून खिशात ठेवले होते. वाडीतल्या तारा मेल्या आहेत असं धरायला काहीच हरकत नव्हती. तरी सवयीप्रमाणे त्यांनी तारेला टेस्ट लॅम्प लावून पाहिला, आणि तो लागला. त्यांचा जोडीदार तेव्हा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता. "रिटर्न सप्लाय म्हणतात ह्याला," ते म्हणाले. "आधी दिवा लावून बघायचं, मग साखळी टाकून तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडायच्या, मगच हात. घाईत एखादा दिवा लावायचा राहतो. गेलेली मानसं अशीच गेल्यात."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलेली नाही. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, पण त्याला उलटसुलट कळत नाही. खालून घरचे २३० व्होल्ट आत गेले तर वरच्या बाजूला दहा हजारांच्या आसपास निघतात. एरवी अख्ख्या वाडीचा भार अंगावर आला की छोटा जनरेटर गुदमरून बंद पडतो. वादळानंतर मात्र तारा जागोजागी तुटलेल्या असतात, भार उरत नाही, आणि जनरेटर आरामात चालत राहतो. आमच्या बाजूला दोनच घरं जोडलेली राहिली होती, म्हणून तो चालला. म्हणजे सगळ्यात जास्त धोका नेमका तेव्हा, जेव्हा खांबावर माणसं चढलेली असतात.

बाबा रात्री जेवले नाहीत. मी त्या वायरीचा एक टॉप कापून टाकला. त्या वायरीत आणखी एक गोष्ट आहे जी तेव्हा आम्हाला कुणी सांगितली नव्हती. जनरेटर चालू असताना भिंतीतला टॉप निसटला किंवा कुणी ओढला, तर त्याच्या उघड्या पितळी पिनांमध्ये २३० व्होल्ट असतात. काकूंची धाकटी मुलगी चार वर्षांची होती आणि आमच्या स्वयंपाकघरात दिवसभर वावरायची.

त्याच आठवड्यातली दुसरी चूक मला खूप नंतर उमगली. पाऊस होता म्हणून जनरेटर मागच्या पडवीत ठेवला होता आणि पडवीला प्लास्टिकचा कागद बांधला होता. पडवीला लागून आईची खोली. तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं. जागरणामुळे असेल असं आम्ही म्हणत होतो. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. वायरीचा प्रकार झाल्यावर आम्ही जनरेटर अंगणात नेला, तिची डोकेदुखी थांबली. तेव्हा या दोन गोष्टी मी एकमेकींशी जोडल्या नव्हत्या. आज तो कागद आठवला तरी पोटात गोळा येतो.

काम करून घ्यायला जानेवारी २०२१ उजाडला. दापोलीचे एक परवानाधारक विद्युत ठेकेदार मिळाले. वयस्कर, कमी बोलणारे. मी त्यांना काका म्हणत असे. मला वाटलं होतं घर महावितरणवरून जनरेटरवर नेणारा एक चेंजओव्हर स्विच बसवायचा, अर्ध्या दिवसाचं काम. काकांनी आल्या आल्या स्विचचं नावही काढलं नाही. "जनरेटर दाखवा," म्हणाले. त्यावर मोठ्या आकड्यात ३ लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत रेटेड २.५ केव्हीए. त्यांनी बारीक अक्षरं धरली. २,५०० भागिले २३०, म्हणजे जेमतेम ११ अँपिअर. "आणि हिशोब दोन किलोवॅटचाच करायचा."

मग वहीत एकेक उपकरण उतरलं. नऊ वॅटचे चौदा दिवे, चार पंखे, फ्रिज, टीव्ही आणि राउटर मिळून आठशे वॅटही होत नव्हते. अडचण विहिरीवरच्या एक एचपीच्या पंपाची होती. चालताना तो सहा-सात अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो. निसर्गच्या दिवसांत पंप लावला की दिवे मंदावायचे आणि फ्रिज कण्हायचा. त्याच खेचाखेचीत फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला असता तर इन्सुलिन कुठे ठेवलं असतं? काकांनी पंप बदलायला सांगितलं. आता घरच्या वापराला अर्ध्या एचपीचा वेगळा पंप आहे. जनरेटरवर तो चालवायचा तेव्हा फ्रिज पंधरा मिनिटं बंद. गीझर, इस्त्री आणि मिक्सर जनरेटरच्या वाटेला कधीच यायचे नाहीत, म्हणून त्यांची सर्किटं जुन्याच डीबीवर (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीवर) ठेवली आणि बाकीच्यांसाठी शेजारी नवी छोटी पेटी बसवायची ठरली.

या वेगळं करण्यातच दीड दिवस गेला. घराची वायरिंग तीन वेळा वाढवलेली. बाबांच्या लग्नाआधीची, मग १९८० च्या सुमाराची, मग माझ्या लग्नातली. ज्याला जिथे जवळ पडलं तिथून न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) घेतलेला. पडवीतल्या दिव्याचा फेज (वीज आणणारी तार) एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. रोजच्या वापरात त्याने काही बिघडत नाही, सगळं एकाच घरातून फिरतं. पण अर्धी सर्किटं जनरेटरवर आणि अर्धी महावितरणवर न्यायची म्हटली की असा उधारीचा न्यूट्रल दोन्ही पुरवठ्यांना चोरवाटेने जोडून ठेवतो. फेज तोडला तरी ही वाट उघडी राहते. काकांचा वायरमन आयटीआयमधून तारतंत्री झालेला पोरगा होता. त्याने एकेक वायर सोडवून, मीटर लावून, तिच्यावर चिकटपट्टीने नंबर टाकले. मी वही घेऊन त्याच्यामागे फिरले. तो नकाशा आजही पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. कोणी जुन्या घराचं असं काम काढणार असेल तर माझं सांगणं एवढंच, की स्विचच्या किमतीपेक्षा या शोधाशोधीला वेळ आणि पैसे ठेवा.

चेंजओव्हर दोन पोलचा, ४० अँपिअरचा. दांड्याला तीन जागा: वर महावितरण, मध्ये शून्य, खाली जनरेटर. आतली पाती एकाच दांड्यावर बसवलेली असतात. एका बाजूला लागायची तर दुसरीकडून सुटावीच लागतात. दोन्हीकडे एकाच वेळी असणं लोखंडालाच शक्य नाही. मला तो हातात घेऊन तीन-चार वेळा फिरवून बघावासा वाटला आणि काकांनी बघू दिला. पट्टी बांधून ठेवलेला मेन आणि हा, यांच्यातला फरक त्या फिरवण्यात कळला. तिथे सगळं आमच्या लक्षात राहण्यावर होतं. इथे बाबा विसरले, मी विसरले, काकूंनी घाईत दांडा ओढला, तरी खांबाकडे वीज जाणार नाही.

न्यूट्रलही तोडायचा का, हे मी विचारलं, कारण बाजारात फक्त फेज बदलणारे स्वस्त स्विच मिळतात. काकांनी जनरेटर सुरू करून मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०, पण फेज ते जमीन आणि न्यूट्रल ते जमीन, दोन्हीकडे शंभर-सव्वाशे. याचा अर्थ आमच्या जनरेटरचा न्यूट्रल कशालाच बांधलेला नाही, अधांतरी आहे. अशा वेळी एखाद्या उपकरणाच्या पत्र्याला वीज लागली तरी ती जमिनीतून जनरेटरकडे परतू शकत नाही, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, गप्प बसतो. तो सुटावा म्हणून काकांनी जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल अर्थला जोडला. महावितरणचा न्यूट्रल तिकडे डीपीवर अर्थ केलेला असतो. चेंजओव्हरने दोन्ही न्यूट्रल वेगळे राखले नाहीत तर ही दोन ठिकाणं एकत्र येऊन आरसीसीबी उगाच पडत राहतो, आणि दुरुस्तीच्या वेळी न्यूट्रलच्या तारेवरही भरवसा उरत नाही. ही जोडणी प्रत्येक जनरेटरला करायची नसते. काहींत ती आतच असते, काहींना ती चालत नाही. मोजल्याशिवाय आणि जनरेटरबरोबर आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय काका हात लावत नव्हते.

अर्थ म्हणजे काय तर घराच्या कोपऱ्यातली एक गंजलेली पट्टी. अर्थ टेस्टर लावला तर ४६ ओहम. आमच्याकडे जांभा. पावसात ओल असते, पण फेब्रुवारीनंतर जमीन भाजल्यासारखी कोरडी पडते, आणि अर्थ मोजायचा तो अशाच दिवसांत. न्हाणीच्या सांडपाण्यावर बाबांनी केळी लावल्या आहेत, तिथली माती वर्षभर ओली. काकांनी तिथेच खड्डा घ्यायला लावला. अडीच मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. दोन गडी पूर्ण दिवस जांभ्यात पहार मारत होते. संध्याकाळी आकडा ५ च्या खाली आला. बाबा आता केळींना पाणी सोडताना मुद्दाम त्या झाकणावरही सोडतात.

जनरेटरसाठी गोठ्यामागे, घरापासून पंचवीस फुटांवर, चार खांबांवर पत्रा टाकला. भिंती नाहीत. सायलेन्सरचं तोंड बागेकडे. तिथून आर्मर्ड केबल जमिनीतून घरापर्यंत. जनरेटर जोडायला निळा इंडस्ट्रियल सॉकेट आहे. त्याच्या खोबणीत पिना आणि जनरेटरकडून येणाऱ्या वायरीला भोकं, आमच्या जुन्या वायरीच्या नेमकं उलट. वायर निसटली तरी बोट लागेल अशी जिवंत पिन कुठे उघडी पडत नाही. मला या सगळ्या कामात सर्वात जास्त समाधान कशाचं वाटलं असेल तर या भोकांचं.

शेवटच्या दिवशी काकांनी विचारलं, "आणखी काही?" मी त्यांना बाबांनी मेन वर केला ती हकीकत सांगितली, तोवर सांगितली नव्हती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग थैलीतून एक छोटा हिरवा दिवा काढून त्यांनी चेंजओव्हरच्या वर, महावितरणच्या बाजूला बसवला. मेन वरच ठेवायचा. बाहेरून वीज आली की हा दिवा लागतो, मग घर जनरेटरवर असो की अंधारात. बाबांना तो खुर्चीत बसूनही दिसतो. पैसे घेतले नाहीत त्याचे.

सगळं मिळून साडेअठरा हजार खर्च आला, पंप सोडून. सर्वात महाग अर्थिंग आणि केबल. चाचणीच्या वेळी काकांनी आमचा मेन पाडला, घर जनरेटरवर घेतलं आणि मेनच्या घराकडच्या जोडणीला, म्हणजे जिथून आमची वीज खांबाकडे गेली होती तिथे, दिवा लावून दाखवला. लागला नाही. मग त्यांनी मला क्रम तीनदा करायला लावला. दांडा शून्यावर, नव्या पेटीतले सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली, जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटं तापू द्यायचा, मग दांडा खाली, मग एमसीबी एकेक करून वर. बंद करताना उलट. पेट्रोल भरायचं ते बंद करून, इंजिन निवल्यावर. तिसऱ्या वेळी बाबांनी केलं, न चुकता.

मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. ते किनाऱ्याला समांतर वर सरकत १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात शिरलं. आमच्याकडे निसर्गइतकं नव्हतं, तरी झाडं तारांवर पडली आणि तीन दिवस लाईट नव्हती. पहिल्याच संध्याकाळी आई म्हणाली, "आवाज लांबून येतोय गो, बरं वाटतं." घरातला छोटा इन्व्हर्टर मात्र जनरेटरची वीज घेईना. त्याची मागची कळ यूपीएसवरून साध्या मोडवर केल्यावर घेऊ लागला. एवढी एकच अडचण आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागाचे लायनमन दादा आले. वाडीत कुणाकडे जनरेटर आहे हे विचारत ते घरोघर फिरत होते. गेल्या वर्षीची गोष्ट त्यांच्या कानावर होती. मी त्यांना पेटी उघडून दाखवली, दांडा कुठे आहे ते दाखवलं. त्यांनी स्वतः तो एकदा वर-खाली करून पाहिला, केबलवरून बोट फिरवत खोबणीपर्यंत गेले, हिरवा दिवा बघून मान हलवली. बाबांनी विचारलं, "आता ठीक ना?"

"ठीक आहे, काका. चालू ठेवा तुमचं."

मग ते खाली वळणावर गेले. मी आणि बाबा गडग्यापाशी उभे राहून बघत होतो. आमची पेटी त्यांनी दोन मिनिटांपूर्वी स्वतः तपासली होती. तरी त्यांनी काठीला टेस्ट लॅम्प बांधून एकेका तारेला लावला. नाही लागला. मग पिशवीतून साखळी काढून तारांवर टाकली, तिचं टोक जमिनीत ठोकलेल्या सळीला बांधलं, आणि त्यानंतर शिडी लावली.